बिनमिशीच्या शोधकांच्या पिंपळखुटेबाई

पिंपळखुटेबाईंची आणि माझी ओळख झाली ती भांडणातून. नागपूरच्या महाल भागातल्या एका छोट्या छापखान्यासाठी मी चित्रं काढत असे. मुख्यतः लग्नपत्रिकांवरचे गणपती, आणि अधूनमधून मुलांची पुस्तकं. असंच एक पुस्तक आलं, एका शोधक बाईवरचं. मी झोकात चित्र काढून दिलं: पांढरा कोट, डोळ्यांवर चष्मा, हातात काचेची नळी. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक बाई ते चित्र हातात धरून छापखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खांद्याला कापडी पिशवी.

"हे चित्र तू काढलं काय वं?"

"हो."

"कोण आहे ही?"

"तुमच्या पुस्तकातली बाई."

"माझ्या पुस्तकातल्या बाईने मुगवड्या घालायचा साचा बनवला आहे. तिच्या हातात नळी काहून? आणि हा कोट? मे महिन्यात गच्चीवर कोट घालून वड्या घालून राहिली का ती? मरून जाईल ना!"

मला हसू आलं आणि रागही आला. राग अशासाठी की चित्र झकास जमलं होतं. पण बाईंचं म्हणणं बरोबर होतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालण्याइतकी ताकद कोणात नसते. मी कोट खोडला, नळी खोडली, बाईला जुनं पातळ नेसवलं. बाईंनी ते चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "चालते." पुढे कळलं की बाईंच्या कोशात कौतुकाचा याहून मोठा शब्दच नव्हता.

बाई सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या आयुष्याचा सगळा हिशेब मला ठाऊक नाही. त्यांनी सांगितला नाही आणि विचारायची माझी टाप नव्हती. पण ही छोटी पुस्तकं लिहायचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, हे त्यांनी मला तर्री-पोहे खाता खाता सांगितलं होतं.

शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. कोणी शिवाजी, कोणी झाशीची राणी, असं नेहमीचं चाललेलं. तेवढ्यात चौथीतली एक पोरगी भल्यामोठ्या काळ्या मिशा चिकटवून आली. फ्रॉक, रिबिनी आणि मिशा. बाईंनी विचारलं, "तू कोण वं?" पोरगी म्हणाली, "मी शोध लावणारी आहे, बाई." "मग मिशी काहून लावली?" पोरीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "शोध लावणाऱ्याले मिशी राहतेच ना!"

सगळे शिक्षक पोट धरून हसले. पोरीला बक्षीसही मिळालं. बाईंना मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. "इतकी वर्षं विज्ञान शिकवलं मी," त्या मला म्हणाल्या, "आणि माझ्या वर्गातल्या पोरीले मिशी चिकटवावी लागली." हे सांगताना पोह्यांवरची तर्री गार झाली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना ते अजूनही लागलेलं होतं.

मग त्यांनी शोधाशोध केली. परदेशातल्या शोधक बायकांची पुस्तकं मिळाली, चांगलीही होती. पण बाईंना भलतीच शंका आली: ती वाचून पोरगी मिशी काढेल, पण मग सोनेरी केसांचा टोप लावेल. म्हणून त्यांनी जवळपास हुडकायला सुरुवात केली. महाल, सक्करदरा, मौदा, उमरेड. जिने आपल्या हाताने एखादी नवी वस्तू घडवली आणि जिचं नाव कोणी घेत नाही, अशी बाई.

या कामासाठी त्यांच्याकडे एक जुनी मोपेड होती आणि पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, एक भिंग आणि फुटाण्यांची पुडी. रस्त्यात काहीही वेगळं दिसलं की मोपेड थांबलीच. मागून येणारे शिव्या घालोत. रसवंतीवर खटपट करून बसवलेली एखादी चकती, पानठेल्याची दोरीने उघडणारी झडप. बाई जाऊन विचारत, "हे कोणी बनवलं?" उत्तर ठरलेलं असे. "ह्यांनी," किंवा "काही नाही, असंच." 'ह्यांनी' ऐकलं की बाई कधीकधी पुढे निघून जात, पण 'असंच' ऐकलं की गाडी स्टँडवर लावत. मला म्हणत, "'असंच'च्या मागे चौकशी केली ना, तर एखादी बाई निघतेच."

आणि बाई सापडली की पहिला प्रश्न एकच. "तुम्हाले त्रास काय होता?" शिक्षण किती, वय काय, मुलं किती, हे सगळं नंतर. कशाचा तरी त्रास झाल्याशिवाय कोणी काही शोधत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. ती सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की मी एकदा सासूबद्दल कुरकुर करायला लागले, तर बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मग तू काय बनवलं?"

लिहिण्याचेही त्यांचे कायदे होते. 'महान' आणि 'थोर' हे शब्द वापरायचे नाहीत. जी वस्तू स्वतः चालवून पाहिली नाही तिच्यावर ओळ लिहायची नाही. मुगवड्यांवाल्या त्या मौद्याच्या बाईची बोटं आखडली होती, म्हणून तिने पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून वड्या घालायचा साचा केला. तो बाईंनी मागून आणला आणि गच्चीवर बसल्या. पहिल्या दिवशी वड्यांचे पापड झाले, दुसऱ्या दिवशी ढेकळं. तिसऱ्या खेपेला ओळीत, एकसारख्या पडल्या, तेव्हा कुठे त्यांनी पेन उचललं. ती ढेकळं त्यांच्या अख्ख्या गल्लीने पुढे बरेच दिवस भाजीत घालून खाल्ली.

तिसरा कायदा माझ्या जिवावर उठणारा होता. पुस्तक आधी चौथीच्या वर्गात वाचून दाखवायचं. जिथे पोरं हलायला लागतील तिथे बाई समासात लाल पेन्सिलीने 'चुळबुळ' असं लिहीत आणि ते पान कापून टाकत. माझं तलावावरच्या सूर्योदयाचं चित्र असंच चुळबुळीत गेलं. बाईंनी स्वतःचीही कितीतरी लाडकी वाक्यं न कुरकुरता कापली. एकदा वाचन चालू असताना एका मुलाने मध्येच हात वर केला. "बाई, ते सकाळपासून काम करून राहिली. ते जेवली का?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मोपेड काढून त्या दुपारी परत त्या बाईच्या घरी गेल्या आणि विचारून आल्या. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पुस्तकात ती बाई काय जेवली हे असतंच. कण्या आणि ताक, ज्वारीची भाकर आणि झुणका, कधी नुसता चहा.

आता सुशीलाबाईंचं सांगते, कारण बाई खऱ्या कशा होत्या ते मला तिथे कळलं.

सुशीलाबाई धकाते या सक्करदऱ्याला राहत. वय बरंच, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. कोष्ट्याचं घर. आता घरात माग नाही, मुलगा प्रभाकरराव कचेरीतून निवृत्त झालेले. सुशीलाबाईंचं माहेर उमरेडचं, तेही विणकराचं. मागावर बाप बसायचा आणि पोरीने कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची छोटी गुंडाळी. चरखा उजव्या हाताने फिरवायचा आणि डाव्या हाताने सूत सोडायचं. पण मांडीवर लहान भाऊ असायचा. तो रडला की एक हात त्याला द्यावा लागे, सूत तुटे आणि बाप ओरडे. हा त्रास. पोरीने मोडक्या शिलाई मशीनचं पायाने चालवायचं पायडल कुठून तरी मिळवलं आणि मागाच्या जुन्या पट्ट्याने ते चरख्याला जोडलं. चाक पायाने फिरू लागलं. एक हात सुताला, एक हात भावाला. लग्न झालं तेव्हा हा चरखा तिच्यासोबत नागपूरला आला. सासऱ्यांनी तो चारचौघांना दाखवला, चार घरांनी करून घेतला, आणि 'धकात्यांचा चरखा' म्हणून त्याचं नाव झालं.

बाई या गोष्टीवर बेहद्द खूश होत्या. दर दोन-तीन दिवसांनी सक्करदऱ्याला चक्कर. चाक केवढं, पट्टा कशाचा, भाऊ किती वर्षांचा, त्या दिवशी जेवायला काय होतं, सगळं विचारून झालं. चरखा माळ्यावरून काढून त्यांनी चालवलाही. पुस्तक लिहून झालं, मी चित्रं काढली, चौथीच्या वर्गात चुळबुळ जवळजवळ झालीच नाही.

बाईंचा आणखी एक शिरस्ता होता. छापायला देण्याआधी जिच्यावर पुस्तक आहे तिला ते वाचून दाखवायचं. या वेळी नेमकं तेच राहिलं. सुशीलाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, मागून ताप आला. आई आता किती दिवसांची सोबत, या भीतीने प्रभाकररावांनी घाई केली. मजकूर त्यांनी स्वतः वाचला आणि फोन केला, "उत्तम आहे बाई, छापा." पुस्तक छापून, बांधून तयार झालं. शनिवारी शाळेत कार्यक्रम ठरला. प्रभाकररावांनी सगळ्या नातेवाइकांना निमंत्रणं दिली.

सुशीलाबाईंना बरं वाटू लागल्यावर आम्ही कोरं पुस्तक घेऊन गेलो. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. बाई वाचत होत्या: उमरेडला सुशीला नावाची एक मुलगी राहत होती. सुशीलाच्या मांडीवर तिचा भाऊ होता. सुशीलाला वडील ओरडले. सुशीलाने पायडल आणलं. म्हातारी अगदी एकाग्र होऊन ऐकत होती. मधे मान डोलावत होती, एकदा खुदकन हसली. वाचून झाल्यावर म्हणाली,

"पोरगी गुणाची हाय. कोणाची वं?"

आम्हाला वाटलं, तापाने बुद्धी हलली. बाई म्हणाल्या, "आजी, तुमचीच तर गोष्ट आहे."

"माही? मी तवा सुशीला कुठं होती? सुशीला त मी लग्नात झाली. ताटातल्या तांदळात लिवलं ना त्याहीनं बोटानं. चरखा त यमुनेनं केला."

लग्नात नवरीचं नाव बदलायचं, तांदळात नवं नाव लिहायचं, ही रीत आम्हा सगळ्यांच्या घरात होती. तरी इतक्या फेऱ्यांत एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. दारावर पाटी होती 'सुशीला सदन'. आम्ही ती वाचून आत गेलो होतो.

प्रभाकरराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "आई, आता सगळीकडे सुशीलाच आहे. आधार कार्डावर सुशीला, पेन्शनवर सुशीला. सगळे पाहुणे येऊन राहिले शनिवारी. यमुना म्हटलं त विचारतील ना, कोण यमुना?"

"हाव, विचारतीन," म्हातारी म्हणाली. "कोणाले मालूमच नाही. मले यमुने म्हणणारा माहा भाऊ होता. तो गेला. आता मी मेली म्हंजे तेही मेली." मग जरा थांबून तिने मुलाच्या हातावर हात ठेवला. "सुशीला चांगलीच हाय गा, पभाकर. सुशीलेनं तुले वाढवलं. पण चरखा तिनं नाही केला."

प्रभाकरराव वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त शनिवार दिसत होता. ते बाईंकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. एवढी पुस्तकं छापून झाली. आता काय करता येते?"

मला वाटलं, आता बाई त्यांना चांगलं भाषण देणार. बाईंनी पुस्तक मिटलं. "प्रभाकरराव," त्या म्हणाल्या, "तुमच्या आईले त्रास काय होऊन राहिला, ते ऐकलं ना तुम्ही? मग आता काहीतरी बनवावं लागेल."

बाहेर आल्यावर त्यांनी मोपेडची किल्ली हातात धरली, पण लावली नाही. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "माझंही नाव बदललं होतं. माहेरची मी दुर्गा. सासरी सुमन केलं. इतकं अंगवळणी पडलं, की मले विचारायचं सुचलंच नाही. दुसऱ्या कोणाले नाही सुचलं त ठीक आहे. मले?" इतक्या वर्षांत बाईंचा आवाज असा बारीक झालेला मी ऐकला नव्हता. मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. त्यांनी तो काही वेळ राहू दिला.

छापखान्याचे मालक डांगरेकाका आधी चिठ्ठ्या चिकटवू म्हणाले. जिथे सुशीला आहे तिथे यमुना छापलेली चिठ्ठी लावायची. काम सोपं. बाई म्हणाल्या, "जन्मभर तिच्यावर चिठ्ठीच तर लावली आपण. आता पुस्तकातही लावायची?" पुस्तक नव्याने छापायचं, हे ठरलं. पण लगनसराई होती. मशीनवर पत्रिकांचे गठ्ठे पडले होते, आणि म्हातारीची तब्येत वाट पाहण्यासारखी नव्हती.

"मशीन देतो रिकामी करून," काका म्हणाले, "पण पत्रिका पाकिटात भरायले माणसं कुठून आणू? सगळी त तुमच्या पुस्तकाले लागतील."

"आम्ही आहो ना," बाई म्हणाल्या. मला न विचारता.

आम्ही दोघी छापखान्याच्या ओट्यावर बसून पत्रिका पाकिटात भरत राहिलो. बाईंची एक खोड तिथेही सुटली नाही. प्रत्येक नव्या गठ्ठ्यातली वरची पत्रिका उघडून नवरीचं नाव मोठ्याने वाचायच्या आणि मग पाकिटात घालायच्या. डांगरेकाका मशीनवरून ऐकत होते. म्हणाले, "आम्ही पोरीचं नाव सोनेरीत छापतो, बाई. आणि कितीदा तर ते छापायची ती शेवटचीच वेळ राहत होती. पण आता जमाना बदलून राहिला. माह्या पोरीनं साफ सांगितलं, मांडवात तांदळाचं ताट आणू नका म्हणे." बाई यावर इतक्या खुशीत हसल्या की हातातली पाकिटं ओट्यावरून खाली पसरली, आणि ती मला वेचावी लागली.

शनिवारचा कार्यक्रम पुढे ढकलला. मला धास्ती प्रभाकररावांची होती, ते येतात की नाही. ते आले, आईला व्हीलचेअरवर घेऊन, सगळे पाहुणे मागे. दारात एक मावशी त्यांना विचारत होती, कोणाच्या नावाचं पुस्तक म्हणे? "यमुना," ते म्हणाले. "आईचं नाव आहे, मावशी. माझ्या आईचं." मग दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं. कोणी विचारलं नाही त्यालाही सांगितलं.

चौथीचा वर्ग, समोर यमुनाबाई, आणि बाई फळ्यापाशी पुस्तक घेऊन उभ्या. बाईंना अभिनय मुळीच येत नसे, पण त्या दिवशी सूत तुटल्यावर बाप ओरडतो त्या जागेला त्यांनी बापाचा आवाज काढला. "यमुने! ए यमुने!" आणि खुर्चीतून लगेच, खणखणीत उत्तर आलं, "ओ!"

पोरं आधी दचकली आणि मग टाळ्या वाजवायला लागली. यमुनाबाईच लाजल्या. पदर तोंडाला लावून मुलाला म्हणाल्या, "तोंडातून निंगून गेलं गा."

त्या दिवसानंतर मी बाईंना पाहिलं नाही. त्याच आठवड्यात त्या मुलीकडे अमरावतीला गेल्या, तिथे आजारी पडल्या आणि तिथेच गेल्या. मला खूप दिवस सहन झालं नाही. पण त्यांची पुस्तकं शाळेत फिरताहेत, फाटताहेत, पुन्हा छापली जाताहेत. आणि डांगरेकाका सांगतात, हल्ली शाळेच्या वाटेवर पोरं कोणत्याही ठेल्यासमोर उभी राहतात आणि विचारतात, हे कोणी बनवलं? ठेलेवाले वैतागले आहेत. बाईंना हे ऐकून काय आनंद झाला असता!

माझ्या डोळ्यांपुढे त्या राहिल्या आहेत त्या त्याच दुपारच्या. टाळ्या थांबल्यावर पोरं आपापली पुस्तकं घेऊन यमुनाबाईंसमोर रांगेत उभी राहिली. सही पाहिजे. यमुनाबाईंनी पेन घेतलं, पुस्तकावर टेकवलं आणि तशाच थांबल्या. त्यांना सही यायची, पेन्शनसाठी मुलाने शिकवलेली. पण ती 'सुशीला'. यमुना त्यांनी आयुष्यात कधी लिहिलंच नव्हतं. ते नाव होतं तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, बाईंकडे.

बाईंनी एक बुटका बाक ओढला आणि गुडघे कसेबसे दुमडून शेजारी बसल्या. यमुनाबाईंच्या हातावर आपला हात ठेवला. 'य' झाला. 'मु' वाकडा झाला, तो त्यांनी तसाच राहू दिला. मागची पोरं पुढे ढकलायला लागली, कोणीतरी ओरडलं, बाई, लवकर! बाईंनी मान वर न करताच डावा हात उचलून रांग थोपवली.

"थांबा रे," त्या म्हणाल्या, "त्या आपलं नाव लिहून राहिल्या."